स्टेंट बसवला, पण तो पूर्ण उघडलाच नाही तर?

स्टेंट बसला की काम झाले, असे आपण समजतो. पण काही रुग्णांमध्ये स्टेंट योग्य जागी बसूनही पूर्ण उघडत नाही. याचे एक मोठे कारण म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेले कॅल्शियम.

असे का होते?

वाढते वय, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असेल, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियमचे कडक कवच तयार होण्याची शक्यता जास्त असते. फुग्याच्या दाबाला हे कवच दाद देत नाही आणि स्टेंट मध्येच आवळलेला राहतो. अशा जागी रक्ताची गुठळी होण्याचा किंवा वाहिनी पुन्हा अरुंद होण्याचा धोका वाढतो.

कसे कळते?

अँजिओग्राफीत वाहिनीच्या पोकळीची फक्त बाह्यरेषा दिसते. म्हणून ध्वनिलहरी वापरणारी 'आयव्हस' किंवा प्रकाश वापरणारी 'ओसीटी' तपासणी वाहिनीच्या आतून करतात. शेजारच्या चांगल्या भागाच्या तुलनेत स्टेंट किमान ८० टक्के उघडावा, असे साधारण लक्ष्य असते.

उपाय कोणते?

• उच्च दाबाचा फुगा: सहसा हा पहिला प्रयत्न. दाब २० अॅटमॉस्फिअर किंवा अधिक, म्हणजे कारच्या टायरमधील हवेच्या सुमारे दहापट. खास दुहेरी थराचे फुगे ३५ पर्यंत जातात. मात्र अति दाबाने वाहिनी फाटू शकते.

• लिथोट्रिप्सी: मूतखडा फोडण्याचेच तत्त्व. फुग्यातून निघणाऱ्या दाबलहरी कॅल्शियमला तडे पाडतात. अमेरिकेत २०२१ मध्ये मिळालेली मंजुरी स्टेंटपूर्वीच्या वापरासाठी होती. आधीच बसलेल्या स्टेंटमध्ये ती वापरायची का, हे डॉक्टर रुग्ण पाहून ठरवतात.

• लेझर: स्टेंटमागचे कठीण थर सैल करण्यासाठी.

• रोटाब्लेशन: हिऱ्याचे कण लावलेले, वेगाने फिरणारे टोक. स्टेंटची धातूची जाळी घासली जाण्याची आणि टोक अडकण्याची भीती असल्याने हा शेवटचा पर्याय.

काहींना बायपासचा सल्लाही दिला जातो.

खरा धडा

कॅल्शियम स्टेंटआधीच फोडणे सर्वात सोपे. आधी फुगा पूर्ण फुगतो का ते पाहावे, मगच स्टेंट घालावा.

स्टेंटनंतर छातीत दुखू लागल्यास 'गॅस असेल' म्हणून अंगावर काढू नका, लगेच रुग्णालय गाठा. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बंद करू नका.