किरणोत्सारी कचरा कोण साफ करतं? आणि त्याचं प्रशिक्षण कुठे मिळतं?

एप्रिल २०१०. दिल्लीतल्या मायापुरी भंगार बाजारात काही जण अचानक आजारी पडले. त्वचा काळी पडू लागली, केस गळू लागले. त्यांच्यापैकी एका कामगाराचा पुढे मृत्यू झाला.

तपासात कारण समोर आलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात अनेक वर्षं बंद पडलेलं एक यंत्र लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं होतं. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. भंगारात यंत्राचं शिशाचं जाड आवरण फोडलं गेलं आणि आतला कोबाल्ट उघडा पडला.

तिथे ना अणुभट्टी होती, ना स्फोट झाला होता. एक जुनं यंत्र विद्यापीठातून भंगार बाजारापर्यंत पोहोचलं आणि वाटेत ते कुणीच ओळखलं नाही. किरणोत्सारी कचऱ्याच्या प्रशिक्षणाची गरज इथूनच सुरू होते.

हा कचरा येतो कुठून?

सगळ्यात मोठा स्रोत म्हणजे अणुऊर्जा. पालघर जिल्ह्यातलं तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून वीज बनवतंय. मुंबईत तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणजेच बीएआरसी आहे.

परभणी जिल्ह्यात अणुभट्टी नाही. पण कॅन्सरवरच्या उपचाराची काही यंत्रं, पाइपचे जोड तपासणारी औद्योगिक उपकरणं आणि अन्नधान्यावर विकिरण करणारे प्रकल्प यांतही किरणोत्सारी स्रोत असतात. नाशिक जिल्ह्यात लासलगावला २००२ पासून कांद्यावर विकिरण करणारं केंद्र आहे, तिथेही कोबाल्ट-६० वापरतात. असा स्रोत वापरून झाला की तो भंगारात टाकता येत नाही. नियमानुसार तो पुरवठादाराकडे किंवा अधिकृत ठिकाणीच परत द्यावा लागतो.

कचऱ्याचं पुढे काय होतं?

सगळा कचरा सारखाच धोकादायक नसतो. ढोबळमानाने त्याचे तीन प्रकार आहेत.

• कमी तीव्रतेचा: हातमोजे, कपडे, पुसायची फडकी. आकारमानाने सर्वाधिक कचरा हाच असतो.

• मध्यम तीव्रतेचा: गाळण्या, पाणी शुद्ध करणारी रसायनं. हा बहुधा सिमेंटमध्ये घट्ट बसवतात. हे दोन्ही प्रकार अणुकेंद्राच्या आवारातच काँक्रीटच्या चरांमध्ये किंवा जमिनीतल्या खास नळकांड्यांमध्ये ठेवतात.

• उच्च तीव्रतेचा: वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया केल्यावर उरणारा द्रव. तो काचेत वितळवून स्टीलच्या डब्यांत बंद करतात. तारापूरला अशा डब्यांसाठी खास साठवण केंद्र आहे. तिथे नैसर्गिक हवेच्या प्रवाहाने ते थंड ठेवले जातात. जमिनीत खोलवर कायमचं साठवण्याची सोय भारतात अजून झालेली नाही.

या कचऱ्यातून कामाचंही काही निघतं. बीएआरसीने त्यातलं सीझियम-१३७ वेगळं काढून त्याच्या काचेच्या कांड्या बनवल्या आहेत. रुग्णाला देण्याआधी रक्तावर विकिरण करणाऱ्या यंत्रांत त्या वापरतात.

अणुभट्टीची सफाई म्हणजे काय?

'अप्सरा' ही भारतातली पहिली अणुभट्टी ट्रॉम्बेला ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली आणि २००९ मध्ये बंद करण्यात आली. जुने भाग काढून त्या जागी नवी 'अप्सरा-यू' उभी राहिली, ती सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली.

अशा कामात आधी इंधन बाहेर काढतात. मग कुठे किती किरणोत्सर्ग आहे याचा नकाशा बनवतात. त्यानंतर भिंती, पाइप, टाक्या धुतात, घासतात किंवा कापतात. प्रत्येक तुकडा मोजून त्याची नोंद होते. हे काम घाईने होत नाही.

प्रशिक्षणात काय शिकवतात?

पाया तीन शब्दांचा आहे: वेळ, अंतर, आडोसा. स्रोताजवळ कमीत कमी वेळ थांबायचं, जास्तीत जास्त दूर राहायचं आणि मध्ये शिसं किंवा काँक्रीट ठेवायचं.

कामगाराच्या छातीवर एक बिल्ला असतो. त्याला किती किरणोत्सर्ग लागला, हे त्यावरून कळतं. भारतात कामगारांसाठी पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात कमाल ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे. सामान्य माणसासाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे.

मोजणीची उपकरणं वापरणं, जाड काचेमागून यांत्रिक हातांनी काम करणं आणि दूषित झालेला पोशाख स्वतःला न लागू देता उतरवणं, हेही शिकावं लागतं. अवघड कामांची रंगीत तालीम आधी किरणोत्सर्ग नसलेल्या जागेत होते.

शिकायचं असेल तर?

• आयटीआय, डिप्लोमा, बीएस्सी: बीएआरसी वेळोवेळी विद्यावेतनासह प्रशिक्षणार्थी भरते. तारापूरच्या कचरा आणि इंधन प्रक्रियेच्या कामासाठीही अशी भरती होते. परभणीतल्या मुलामुलींसाठी हा सगळ्यात जवळचा मार्ग आहे.

• इंजिनीअरिंग किंवा एमएस्सी: बीएआरसीचं प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवतं.

• एमएस्सी भौतिकशास्त्र: रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम. कॅन्सर रुग्णालयांत लागणारे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी यातून तयार होतात.

• आपत्ती प्रतिसाद: पुण्याजवळ सुदुंबरे इथे एनडीआरएफची पाचवी तुकडी आहे. किरणोत्सारी अपघात हाताळण्याचं प्रशिक्षण तिच्या जवानांना दिलं जातं.

खासगी संस्था 'अणुसुरक्षा सर्टिफिकेट' देत असेल, तर पैसे भरण्याआधी अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता आहे का, ते तपासा.

आपल्याला काय माहीत हवं?

पिवळ्या रंगावर तीन पात्यांचं चिन्ह किंवा लाल त्रिकोणात किरणं, कवटी आणि पळणारा माणूस दिसला तर वस्तूला हात लावू नका. उचलू नका, कापू नका, फोटो काढायला जवळ जाऊ नका. दूर व्हा, इतरांना दूर ठेवा आणि ११२ वर कळवा.

भंगार गोळा करणारं कुणी ओळखीचं असेल, तर ही दोन चिन्हं त्यांना नक्की दाखवा. सगळ्यात आधी अशी वस्तू त्यांच्याच हातात पडते.