उलगडलेले प्रकरण

दक्षिण कोरियातील ह्वासाँग या ग्रामीण भागात १९८६ ते १९९१ या काळात दहा स्त्रिया व मुलींचे खून झाले. त्यांवर आधारलेल्या किम क्वांग-रिम यांच्या १९९६ मधील नाटकावरून बाँग जून-हो यांनी २००३ साली 'मेमरीज ऑफ मर्डर' हा चित्रपट केला. तेव्हा खुनी अज्ञात होता.

चित्रपटात दोन पोलीस अधिकारी आहेत. गावातला पार्क माणसाच्या डोळ्यांत पाहून गुन्हेगार ओळखता येतो असे मानतो, तर सोलहून आलेल्या सओचा कागदपत्रांवर विश्वास आहे. काळ लष्करी राजवटीचा आहे. निदर्शने दडपण्यात पोलीस दल गुंतलेले असल्याने खुन्याला पकडायला माणसे मिळत नाहीत. संशयितांना मात्र मारहाण करून कबुलीजबाब घोकवून घेतले जातात. ही दृश्ये पाहताना आपण अनेकदा हसतो. पुढे प्रकरणाचा ध्यास असा वाढतो, की अखेरीस कागदांवर श्रद्धा असलेला सओच हातातला प्रतिकूल अहवाल नाकारून संशयितावर पिस्तूल रोखतो.

२००६ साली यांतील शेवटच्या खुनाचीही खटल्याची १५ वर्षांची मुदत संपली. २०१९ मध्ये जतन केलेल्या पुराव्यांच्या डीएनए तपासणीतून खुनी सापडला. मेहुणीच्या खुनाबद्दल तो १९९४ पासूनच तुरुंगात होता. या खुनांसाठी त्याच्यावर खटला चालवणे आता शक्य नव्हते.

इतिहासाचा खरा धक्का मात्र याहून वेगळा आहे. दहांपैकी आठवे प्रकरण, १९८८ मधला एका १३ वर्षांच्या मुलीचा खून, कागदोपत्री उलगडलेले होते. पोलिओने पाय अधू झालेल्या एका तरुणाला १९८९ साली त्यासाठी जन्मठेप झाली होती. आधार दोनच: कोठडीत झोपू न देता मिळवलेली कबुली आणि केसाच्या पृथक्करणाचा अहवाल. खऱ्या खुन्याने हाही गुन्हा कबूल केल्यावर पुन्हा खटला चालला. कबुली बळजबरीची आणि अहवाल सदोष ठरला. डिसेंबर २०२० मध्ये तो माणूस निर्दोष सुटला, पण तोवर त्याने सुमारे वीस वर्षे तुरुंगात काढली होती. २००३ साली प्रेक्षक पडद्यावरच्या खोट्या कबुलीजबाबांना हसत होते, तेव्हाही तो आतच होता.

न सुटलेले रहस्य आपल्याला अस्वस्थ करते आणि सुटलेले निश्चिंत करते. ह्वासाँगचा इतिहास हा क्रम उलटवतो. नऊ फायली उघड्या राहिल्या म्हणून कधीतरी सत्य सापडण्याची शक्यता तरी उरली होती. मिटलेल्या एका फायलीने मात्र निरपराध माणूस गिळला, आणि त्याविषयी कुणालाच ध्यास लागला नाही.

चित्रपटाच्या शेवटी पार्क थेट कॅमेऱ्याकडे पाहतो. खुनी कधीतरी हा चित्रपट पाहील, या कल्पनेने दिग्दर्शकाने तो क्षण योजला होता. आज ती नजर खुन्याला शोधणारी वाटत नाही. उत्तर मिळाले की विचारणे थांबवणाऱ्या आपल्यावरच ती स्थिरावते.