पंखाचा सांधा

स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. लिहायला बसलो आणि डोळ्यांसमोर विमानच आलं. १९७७ च्या दहावीच्या बॅचला ते आठवत असेल. १५ ऑगस्ट १९७६. झेंडावंदन आटोपलेलं, मैदानावर घोटाभर चिखल, आणि आपलं साडेतीन हात रुंद ग्लायडर दोरीने पतंगासारखं वर चढत होतं. चिंचेच्या शेंड्याएवढं गेलं आणि पंख मधोमध मिटले. मुख्याध्यापकांसकट सगळे हसले.

तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. तो १९८२ मध्ये झाला. आपली शाळा आणि वैनगंगेच्या दोन्ही काठांवरची झाडीपट्टी चंद्रपुरातच मोडायची. विमान पाहायचं म्हणजे मान वर करायची, एवढंच. पण विज्ञानाचे सर कॉलेजात असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते. एनसीसी १९४८ ची, तिची हवाई शाखा १९५० ची, आणि विमानांच्या प्रतिकृती बनवणं हा त्या शाखेच्या प्रशिक्षणाचाच भाग. सरांनी एक नकाशा जपून ठेवला होता. त्यात बाल्सा लाकूड सांगितलेलं. ते इक्वेडोरच्या जंगलातलं, आपल्याकडे कुठून येणार? सर म्हणाले, आपलं जंगल काय कमी आहे?

मग भेंड आणलं बाशिंगं करणाऱ्याकडून. त्याच्या फासळ्या कापल्या. कणा आणि कडा बांबूच्या कामट्यांच्या. त्या तासून दिल्या माझ्या बाकावरच्या सोबत्याने. त्याचं घर बुरडांचं. बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे बांबूचे ट्रक जाताना आपण रोज पाहायचो, पण एका पेराची कामटी सुतळीएवढी बारीक आणि तरी सरळ कशी काढायची, हे त्याच्या हातात होतं. वरून पतंगाचा ताव. आणि चिकटवायला सुताराकडचा सरस.

सरसाचं सांगायला हवं, कारण आता तो कोणी वापरत नाही. फेव्हिकॉल १९५९ पासून बाजारात होता, पण आपल्या गावात सुतार अजून सरसच शिजवत. खडे रात्री भिजवायचे, सकाळी डबा उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवायचे, आणि गरम असतानाच लावायचे. वास असा की वर्ग रिकामा होई. नकाशावर मेणबत्ती घासलेला कागद अंथरायचा, म्हणजे पंख त्याला चिकटत नाही. फासळी टाचणीने उभी धरायची, थेंबभर सरस, बाहेर आलेला लगेच पुसायचा. जास्तीचा सरस म्हणजे नुसतं वजन, आणि वाळताना तो ताव ओढतो, पंख पिळवटतो. सरांचं एकच पालुपद होतं: सांधा आधी कोरडा जुळवा. सरस दोन लाकडांना धरतो, फट भरत नाही.

सगळ्यात नाजूक काम मधल्या सांध्याचं. दोन्ही पंख टोकाशी किंचित वर उचललेले, म्हणजे मध्ये कामट्यांची टोकं तिरकी कापून एकमेकांवर तंतोतंत बसवायची. हवेत पंखावरचा सगळा ताण तिथेच येतो. ते काम माझ्याकडे होतं.

त्या दिवशी कोणीतरी म्हणालं, ‘बुरडाच्या पोराचा बांबू कच्चा निघाला.’ कोणी म्हणालं, पावसाने सरस नरम पडला. दोन्ही मतं गावभर फिरली. पहिलं जास्त फिरलं.

पुढे नोकरीत असताना जुन्या विमानांवर वाचायचा नाद लागला, आणि डी हॅविलँड मॉस्किटोपाशी येऊन मी थांबलो. दुसऱ्या महायुद्धातलं हे ब्रिटिश बाँबर विमान जवळजवळ सगळं लाकडी: बर्चचं प्लायवूड, आत बाल्सा, पंखाचे कणे स्प्रूसचे. २५ नोव्हेंबर १९४० ला पहिलं उडालं, पुढे सात हजारांहून जास्त बनली. सुरुवातीला ती चिकटवायचे दुधातल्या केसिनच्या गोंदाने, नंतर कृत्रिम रेझिन आलं. १९४४ च्या उत्तरार्धात भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवरची काही मॉस्किटो हवेतच मोडली. पंखाची वरची पाठ कण्यापासून सुटली होती. माणसं गेली. उड्डाणं थांबवावी लागली. पहिला संशय गोंदावर आणि आपल्या पावसाळ्यावर. कंपनीच्या संस्थापकाचा भाऊ मेजर हियरवर्ड डी हॅविलँड चौकशीला भारतात आला आणि डिसेंबरात त्याने कळवलं की गोंद दोषी नाही, दमट हवेत लाकूड आकसलं. म्हणजे दोष पुन्हा पावसाळ्याचाच. नंतरच्या तपासात मात्र बोट कारखान्याकडे वळलं: जोड नीट बसलेले नव्हते, चिकटवण्याचं कामच कच्चं होतं. मग कण्यावरच्या त्या जोडावर प्लायवूडची पट्टी मारून तो पाण्यापासून बंद करू लागले.

ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. कारण आपल्या ग्लायडरचा मधला सांधा जुळला नव्हता. एका बाजूची कामटी मी जरा जास्त कापली. नखभर फट राहिली. नवी कामटी मागायची तर सोबत्याला पुन्हा दोन तास बसवायचं आणि सरांना चूक दाखवायची. मी फटीत सरस भरला, वर पतंगाच्या तावाची पट्टी लावली, आणि चांगली दिसावी म्हणून तिच्यावर तिरंगा रंगवला. सरांनी तिरंग्याचं कौतुक केलं. पावसाळी हवेत सरस ओलावा धरतो हे खरंच, पण फासळ्यांचे तीस-चाळीस सांधे त्याच हवेत होते आणि त्यातला एकही सुटला नाही. मोडलेलं ग्लायडर उचलायला मीच धावलो होतो. दोन्ही कामट्या अखंड होत्या. मी ते पाहिलं आणि काही बोललो नाही.

दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. घरची अडचण होती हे नंतर कळलं, त्या बोलण्याचा त्यात किती वाटा होता ते मी कधी विचारलं नाही. त्यामुळे बॅचच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. या वेळी मी संयोजकांना सांगून घालायला लावलं आहे, आणि तो येणार असं कळतं.

सर, विमान माझ्यामुळे पडलं. आणि मित्रा, तुझ्या कामट्या पक्क्या होत्या. मेळाव्याला येताना हात-दीड हात लांबीच्या चार घेऊन ये. भेंड मी मिळवलं आहे. सांधा या वेळी तू तपास, मगच चिकटवू.