लंडनची हवाई वाट

मुंबई ते लंडन हे अंतर पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलं, तर साधारण ७,२०० किलोमीटर भरतं. ते कधी बदललं नाही. प्रवासाला किती वेळ लागणार, हे मात्र थांबे, परवाने आणि वारा यांनीही ठरवलं.

बोटीने दोन-तीन आठवडे लागायचे, त्या काळात ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडन-कराची सेवा सुरू केली. सात दिवसांची. हवाई म्हणायची, पण बाझेलपर्यंत विमान, तिथून जिनोव्हापर्यंत चक्क आगगाडी, मग समुद्रावर उतरणारं विमान आणि इजिप्तपासून पुढे पुन्हा चाकांचं. रात्री उड्डाण नाही. अंधार पडला की मुक्काम. बगदादकडे जाणाऱ्या वाळवंटात खुणेला झाड नाही की नदी नाही, म्हणून ब्रिटिश हवाई दलाने आधीच जमिनीवर नांगराने लांबच लांब तास काढून ठेवले होते. वैमानिक खाली बघत त्या रेघेच्या आधाराने जात. मला या सगळ्या इतिहासात ही नांगरट सर्वांत मोलाची वाटते. पुढे इराणने आपल्या किनाऱ्यावरून जाऊ देणं थांबवलं आणि १९३२ मध्ये वाट आखाताच्या अरब बाजूला, शारजावरून वळली.

कराचीत उतरलेली टपाल मुंबईला आणायचं काम त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटांनी केलं. छोटंसं पस मॉथ विमान, वाटेत अहमदाबादचा थांबा आणि मग जुहूची धावपट्टी. पावसाळ्यात जुहूला चिखल व्हायचा, तेव्हा मुक्काम पुण्याला, येरवड्याला हलवावा लागे.

सलग प्रवास आला स्वातंत्र्यानंतर. ८ जून १९४८ च्या रात्री ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान पस्तीस प्रवासी घेऊन मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत १० तारखेला लंडनला पोचलं. सात दिवसांचे दोन दिवसही उरले नाहीत. १९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ आली आणि हिशेब तासांत होऊ लागला. टाकीत पुरेसं इंधन मावू लागलं, तसे मधले थांबेही गळाले.

आज न थांबता नऊ-दहा तास लागतात. तो ताणलेला दोरा पाकिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र आणि युक्रेन यांच्यावरून जातो. त्यातलं युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांची वाट अडवली. मग आधी अरबी समुद्रावर जायचं, तिथून आखाताकडे वळायचं, आणि तेवढं जादा इंधन जाळायचं. जाताना समोरून येणारा पश्चिमेचा वारा आणखी वेळ खातो. परतीला तोच पाठीशी असतो, म्हणून लंडनहून निघालेलं विमान सहसा तासभर तरी लवकर उतरतं.