जरतारी भरतकाम

जरतारी भरतकाम हा सोने, चांदी किंवा तत्सम दिसणाऱ्या धातूंच्या तारांनी व धाग्यांनी कापडावर नक्षी उठवण्याचा भरतकामाचा प्रकार आहे. भारतात या कामाचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार जरदोजी या नावाने ओळखला जातो. फार्सी भाषेत ‘जर’ म्हणजे सोने व ‘दोजी’ म्हणजे शिवणकाम. रेशमी किंवा सुती धागा कापडातून कितीही वेळा आरपार ओढता येतो. धातूचा धागा मात्र कापडाच्या घर्षणाने झिजतो व उलगडतो. त्यामुळे तो कापडाच्या पृष्ठभागावर ठेवून दुसऱ्या बारीक धाग्याने जखडणे, हे या कलेचे मूलतत्त्व बनले. पैठणी व किनखाब यांत जरी मागावर कापडाबरोबरच विणली जाते. जरतारी भरतकाम मात्र विणून तयार झालेल्या कापडावर केले जाते.

धाग्याची रचना

पारंपरिक पद्धतीत चांदीच्या कांबीवर सोन्याचा मुलामा देऊन ती क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढतात. अशा रीतीने केसासारखी बारीक तार मिळते. ही तार ठोकून किंवा दाबून चपटी केली की तिला बादला म्हणतात. बादला रेशमी धाग्याभोवती गुंडाळल्यावर कलाबतू तयार होते. म्हणजे सोनेरी दिसणाऱ्या धाग्यात ताण सहन करणारा गाभा रेशमाचा असतो व धातू हे केवळ त्याचे वेष्टन असते. वेष्टन सरकले की आतील रेशीम उघडे पडते आणि चमक खंडित होते.

याशिवाय तारेची स्प्रिंगसारखी पोकळ वेटोळी करून दबका, सलमा, गिजाई, नक्षी इत्यादी प्रकार बनवले जातात. त्यांचे लहान तुकडे कापून मण्यांप्रमाणे सुईत ओवतात व कापडावर टाकतात. धातूच्या चपट्या टिकल्यांना सितारे म्हणतात.

बाजारात मिळणाऱ्या जरीचे तीन मुख्य प्रकार आहेत. खऱ्या जरीत सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार असते. टेस्टेड जरीत तांब्याच्या तारेवर चांदीचा थर चढवलेला असतो. तिसऱ्या प्रकारात धातूचा अत्यंत पातळ थर दिलेली पॉलिएस्टरची पट्टी वापरतात. ती हलकी व स्वस्त असते आणि सहसा काळी पडत नाही, पण उष्णतेने आक्रसते. गुजरातमधील सुरत हे भारतातील जरी उत्पादनाचे प्रमुख केंद्र आहे.

इतिहास

इटलीतील पालेर्मो येथे ११३३–३४ मध्ये सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी तयार केलेले सोनेरी भरतकामाचे प्रावरण आज व्हिएन्ना येथे जतन केलेले आहे. तेराव्या व चौदाव्या शतकांत इंग्लंडमधील भरतकाम ‘ओपस अँग्लिकॅनम’ या नावाने युरोपभर प्रसिद्ध होते. त्यातील कारागीर सोन्याचा धागा कापडावर ठेवून मागील बाजूच्या लिननच्या धाग्याने त्याचा अगदी लहान फास छिद्रातून खाली ओढत असत. त्यामुळे टाचणीचा टाका वरून दिसत नसे आणि वस्त्र लवचीक राहत असे. जपानमध्ये कागदावर सोन्याचा वर्ख चिकटवून त्याच्या पट्ट्या धाग्याभोवती गुंडाळण्याची पद्धत रूढ झाली.

भारतात मुघल काळात या कलेला मोठा राजाश्रय मिळाला. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथात जरदोजी व कलाबतू यांचा उल्लेख आढळतो. पुढे लखनौ, बरेली, आग्रा, दिल्ली, भोपाळ व हैदराबाद येथे ही कला टिकून राहिली. लखनौच्या जरदोजीला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

जरतारी वस्त्रांचे मौल्यवान असणे हेच त्यांच्या नाशाचेही कारण ठरले. अठराव्या शतकात फ्रान्समधील उमराव स्त्रियांमध्ये जुन्या वस्त्रांतील सोन्याचे धागे उसवून विकण्याची प्रथा होती. भारतातही जुन्या साड्या व पोशाख जाळून किंवा वितळवून त्यांतील चांदी काढली जाते. त्यामुळे जीर्ण झालेली वस्त्रे बहुधा मागे उरत नाहीत आणि अभ्यासासाठी उपलब्ध असलेले जुने नमुने मर्यादित आहेत.

जरदोजीचे तंत्र

कापड प्रथम कारचोब नावाच्या लाकडी चौकटीवर घट्ट ताणून बसवतात. कागदावर काढलेल्या नक्षीच्या रेषांवर सुईने छिद्रे पाडून खाका तयार केला जातो. तो कापडावर ठेवून त्यावरून रंगद्रव्याचा बोळा फिरवला की छिद्रांतून नक्षी कापडावर उतरते. चौकटीभोवती बसून अनेक कारागीर एकाच वेळी काम करू शकतात. सुईबरोबरच टोकाला आकडा असलेली आरीही वापरली जाते. उठावदार आकृतीसाठी खाली सुती दोऱ्याचा भराव देतात. बादल्याने केलेल्या हलक्या कामाला कामदानी म्हणतात.

कलाबतू टाचताना सामान्यतः दोन धागे शेजारी ठेवून त्यांवर ठरावीक अंतराने आडवे टाके घातले जातात. पुढील ओळीतील टाके विटांच्या बांधकामाप्रमाणे मागील ओळीतील टाक्यांच्या मधोमध येतात. धातूच्या धाग्याची फक्त टोके शेवटी कापडाच्या मागे नेऊन पक्की करतात. टाचणीचा धागा फार ओढल्यास सोनेरी धाग्यावर खाचा पडतात, तर सैल ठेवल्यास धागा जागेवरून सरकतो.

क्रॉस स्टिचमधील वापर

क्रॉस स्टिचमध्ये मोजलेल्या चौकटींवर फुलीच्या आकाराचे टाके घालतात. येथे धागा पृष्ठभागावर ठेवणे शक्य नसते, कारण एका पूर्ण फुलीसाठी तो कापडातून चार वेळा आरपार जातो. सुईच्या नेढ्याजवळचा भाग या सर्व फेऱ्यांचे घर्षण सोसतो व प्रथम पिंजतो. धातूच्या धाग्यासाठी सांगितले जाणारे बहुतेक नियम याच कारणातून आले आहेत:

• धागा आखूड, सुमारे ४० ते ४५ सेंटीमीटर लांबीचा घ्यावा.
• सुईचे नेढे मोठे असावे, म्हणजे कापडातील छिद्र रुंद होते व धागा कमी घासला जातो. इंचाला १४ चौकटी असलेल्या आयडा कापडासाठी बोथट टोकाची २४ क्रमांकाची सुई सोयीची असते.
• सुई एकदा वर व एकदा खाली, अशी दोन स्वतंत्र हालचालींत न्यावी. कापड दुमडून एकाच हालचालीत टाका घेतल्यास वेष्टन खरवडले जाते.
• काम करताना धाग्याला पीळ पडतो. काही टाक्यांनंतर सुई मोकळी लोंबकळू दिल्यास तो आपोआप निघतो.
• रंगीत टाके आधी पूर्ण करून धातूचे टाके शेवटी घालावेत.

अतिशय बारीक धातूची पट्टी सुती धाग्याच्या पदराबरोबर एकाच सुईत ओवूनही काम केले जाते. यात ताण सुती धागा सहन करतो आणि धातूची झाक मात्र कायम राहते.

जतन

हवेतील गंधकयुक्त संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर साचतो व जरी काळी पडते. घाम, अत्तर आणि लोकर किंवा रबर यांच्या संपर्काने ही प्रक्रिया वाढते. धुतलेल्या मलमलीत किंवा आम्लमुक्त कागदात वस्त्र गुंडाळून कोरड्या जागी ठेवणे हितावह असते. घडीच्या रेषेवर तार तुटत असल्याने भरगच्च काम केलेली वस्त्रे गुंडाळून ठेवतात. ते शक्य नसल्यास घड्यांची जागा अधूनमधून बदलतात. इस्त्री उलट बाजूने, मध्ये कापड ठेवून व मंद उष्णतेवर करावी.

महाराष्ट्रात

पैठण व येवला येथील पैठणीमुळे महाराष्ट्रात जरीचा परिचय मुख्यतः विणकामातून आहे. पेशव्यांच्या ‘जरीपटका’ या निशाणाच्या नावातही हाच शब्द आढळतो. जरतारी भरतकामाच्या कार्यशाळा मुंबईत मोठ्या संख्येने आहेत. त्यांतील कारागिरांत उत्तर प्रदेश, बिहार व पश्चिम बंगालमधून आलेल्यांचे प्रमाण मोठे आहे. तासन्‌तास वाकून केलेल्या बारीक कामामुळे त्यांना डोळ्यांचे व पाठीचे विकार जडतात. या कार्यशाळांतून बालकामगारांची सुटका झाल्याच्या घटनाही वेळोवेळी घडल्या आहेत. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना अशा कामावर ठेवण्यास मनाई आहे. यंत्राने केलेले भरतकाम व पॉलिएस्टरची जरी यांच्या स्पर्धेमुळे हाताने काम करणाऱ्यांच्या मजुरीवर परिणाम झाला आहे.

हे सुद्धा पहा

• भरतकाम
• पैठणी
• किनखाब