न मागितलेला खर्ज

स्टिरिओ चालू केला. रेकॉर्ड लावलेली नाही, कॅसेट फिरत नाही, रेडिओ बंद आहे आणि तरीही स्पीकरमधून 'घूं' असा एक आवाज येत राहतो. कधी अगदी बारीक, कधी शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतका. दुरुस्तीवाले त्याला 'हमिंग' म्हणतात. त्याच्या जोडीला लांबच्या पावसासारखी एक 'स्स्स' असते, पण ती वेगळी, तिच्याविषयी पुढे. गोव्यात घुमटाच्या घुमण्यावर जीव ओवाळून टाकणारी मंडळी कमी नाहीत, पण हे घुमणे मात्र कोणालाच नको असते.

यावर उपाय करायचा म्हटला की लोक आधी स्क्रू ड्रायव्हर शोधतात. माझे मत थोडे वेगळे आहे. ही घूं म्हणजे ध्वनियंत्रांच्या इतिहासात कोणीतरी घेतलेल्या दोन-तीन निर्णयांचा आपल्या घरापर्यंत पोचलेला वारसा आहे. ते निर्णय कोणते हे कळले की चोर कोणत्या खोलीत लपला आहे ते शोधायला फार वेळ लागत नाही.

पहिला निर्णय भिंतीतल्या विजेचा. व्हॉल्व्हचे पहिले रेडिओ बॅटरीवर चालत, आणि तेही एका नव्हे तर तीन-तीन. 'ए' बॅटरी व्हॉल्व्हची तार तापवायला, 'बी' उंच व्होल्टेजची, आणि 'सी' ग्रिडसाठी. खर्च मोठा, कटकट त्याहून मोठी; पण बॅटरीची वीज एकाच दिशेने संथ वाहते, त्यामुळे घूं नावालाही नसे. आमच्याकडे बहुतेक खेड्यांत वीज पोचली ती १९६१ नंतर. तोवर तिथल्या ज्या मोजक्या घरांत रेडिओ होता तो असाच बॅटरीवर चाले. त्या रेडिओत खरखर असे, वादळी हवेत कडकड असे, पण विजेची घूं नसे. गैरसोयीतही एखादे सुख दडलेले असते ते असे.

भिंतीतली वीज मात्र आपल्याकडे सेकंदाला ५० आवर्तने घेते, अमेरिकेत ६०. तिच्यावर व्हॉल्व्हची तार थेट तापवली की तार त्याच तालात मंद-प्रखर होते आणि ते सगळे स्पीकरमध्ये उतरते. टोरांटोच्या एडवर्ड रॉजर्सने १९२५ साली थेट विजेवर चालणारा रेडिओ बाजारात आणला, आणि त्याचे त्याला इतके अप्रूप की १९२७ साली काढलेल्या 'सीएफआरबी' या नभोवाणी केंद्राच्या नावातली शेवटची दोन अक्षरे 'रॉजर्स बॅटरीलेस' अशी आहेत. त्याच १९२७ साली अमेरिकेत आरसीएचा २२७ क्रमांकाचा व्हॉल्व्ह आला. यात तापणारी तार एका नळीच्या आत ठेवलेली, आणि इलेक्ट्रॉन सोडायचे काम त्या नळीचे. चुलीतला जाळ कमीजास्त झाला तरी तवा लगेच थंड पडत नाही, तसे. घूंचा एक दरवाजा बंद झाला.

दुसरा दरवाजा आजही उघडा आहे, तो म्हणजे पॉवर सप्लाय. व्हॉल्व्ह असो की ट्रान्झिस्टर, त्याला एकाच दिशेची वीज लागते. म्हणून डायोड लावून खालच्या लाटाही वर उलटवतात. मग ५० लाटांचे सेकंदाला १०० उंचवटे होतात. ते उंचवटे सपाट करायचे काम इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे. आपल्या घरावरच्या पाण्याच्या टाकीसारखेच ते काम आहे. नळाला पाणी येऊनजाऊन असले तरी टाकी भरलेली असली की मोरीत धार अखंड राहते. पण या कंडेन्सरच्या आत ओला रस असतो, तो वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातो, आणि टाकी लहान लहान होत जाते. वीस-तीस वर्षांचा ॲम्प्लिफायर हळूहळू घूं करू लागला, दोन्ही बाजूंना सारखाच करू लागला, आणि व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी त्यात फरक पडला नाही, तर बहुधा हाच दोषी. बदलायला फार पैसे पडत नाहीत. मात्र यंत्र बंद केल्यावरही हा कंडेन्सर वीज धरून बसतो, व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये तर जीवघेणी. म्हणून हे काम जाणकाराच्याच हाती द्यावे.

आता गाणे ऐकणाऱ्यांसाठी एक गंमत. या घूंचा स्वर कोणता? १०० आवर्तने म्हणजे मंद्र सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर आणि काळी चारच्या खाली. अनेक गायिका काळी चारच्या आसपास गातात. त्यांच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे १०४ आवर्तनांचा. म्हणजे आपला ॲम्प्लिफायर घूं करतो तेव्हा तो बाईंच्या मागे आणखी एक तंबोरा घेऊन बसलेला असतो, आणि त्याचा खर्ज अर्ध्या सुराहून थोडा जास्तच उतरलेला असतो! ज्याला तंबोरा जुळवायला अर्धा तास लागला तरी चालतो, अशा माणसाला ही घूं इतकी का टोचते ते यावरून कळावे. केसरबाई केरकर किंवा मोगूबाई कुर्डीकर यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत तंबोरा मुळातच मागे असतो. त्याच्यावर ही घूं बसली की तो उरतच नाही.

घूं मारण्यासाठी जुन्या अभियंत्यांनी काट्याने काटा काढायचीही युक्ती केली होती. १९२५ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी आजच्या धर्तीचा स्पीकर सिद्ध केला. तेव्हा प्रबळ कायमचे चुंबक मिळत नसत, म्हणून स्पीकरमध्येच एक विजेरी चुंबक असे आणि त्याच्या गुंडाळीतूनही घूं येई. मग तिथेच एक छोटी उलट गुंडाळी बसवू लागले. एकीची घूं वर ढकलते तेव्हा दुसरीची खाली, दोन्ही मिळून शून्य. याच तत्त्वावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ साली इलेक्ट्रिक गिटारसाठी 'हमबकर' केला, जो आजही त्याच नावाने विकला जातो. हॅरॉल्ड ब्लॅकची १९२७ ची ऋण पुनर्भरणाची कल्पनाही थोडी अशाच जातीची. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा काही अंश उलटा करून पुन्हा आत द्यायचा, म्हणजे यंत्राने स्वतः केलेल्या चुका आपापसांत फिटतात. विल्यमसनचा १९४७ सालचा ॲम्प्लिफायर 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये छापून आला आणि जगभरच्या हौशी लोकांनी घरी बांधला, तो याच कल्पनेच्या जोरावर. पण यात एक मेख आहे. घूं जर बाहेरून, गाण्याचा हात धरून आत आली, तर ॲम्प्लिफायरला ती गाणेच वाटते आणि तो तिला इमानेइतबारे मोठे करतो.

ती बाहेरून येते कशी? इथे दुसरा निर्णय. तारायंत्राच्या काळात एकच तार ओढत आणि परतीची वाट म्हणून जमीन वापरत. टेलिफोनही सुरुवातीला तसेच जोडले, आणि शेजारच्या तारांचा आवाज त्यांत शिरू लागला. खुद्द बेलने १८८१ साली दोन तारा एकमेकींभोवती पिळून घेण्याचे पेटंट घेतले. अशी जोडी बाहेरचा त्रास दोघींवर सारखा घेते आणि तो वजा करता येतो. टेलिफोनवाले शहाणे झाले, स्टुडिओवालेही झाले. घरगुती यंत्रे मात्र झाली नाहीत. आरसीए कंपनीने रेडिओच्याच पेटीत बसवलेला रेकॉर्ड प्लेअर जोडायला एक स्वस्त पिन काढली होती. मधे गाण्याची तार, भोवती जाळी, आणि जाळीच परतीची वाट. एका पेटीत, वीतभर अंतरात, हे ठीकच होते. मग ब्लमलाइनने १९३१ साली पेटंटसाठी मांडलेला स्टिरिओ १९५८ च्या सुमारास रेकॉर्डवर आला आणि रेडिओग्राम फुटून त्याच्या चार पेट्या झाल्या. टर्नटेबल, ट्यूनर, डेक, ॲम्प्लिफायर. त्यांना जोडायला तीच पिन, आणि एकाऐवजी दोन-दोन. प्रत्येक पेटी भिंतीत आपापल्या परीने जमिनीला जोडलेली आणि जाळीतून एकमेकींना जोडलेली. झाले वर्तुळ! त्या वर्तुळातून भिंतीतली वीज थोडी थोडी फिरते, आणि जाळी गाण्याचीही वाट असल्याने गाण्यात मिसळते. ही घूं १०० ची नसते, ५० ची असते. जास्त खोल, पोटात जाणवणारी. नील मन्सीने १९९५ साली एका निबंधात दाखवले की जाळीची तार पेटीच्या पत्र्याला जोडण्याऐवजी आतल्या सर्किटला जोडण्याची खोड महागड्या व्यावसायिक यंत्रांतही सर्रास आहे. म्हणजे शंभर वर्षांनंतरही आपण तिथेच.

शोधायची रीत यातूनच मिळते. व्हॉल्यूम फिरवल्यावर घूं कमीजास्त होत असेल तर ती बाहेरून येते आहे. मागच्या सगळ्या पिना काढाव्या (आधी स्विच बंद करून, कारण या पिनेत मधली तार आधी टेकते आणि जाळी मागाहून, त्या क्षणी स्पीकर जो ओरडतो तो ऐकवत नाही), मग एकेक पेटी जोडत जावे. जिला जोडताच घूं आली ती पेटी. बऱ्याच घरांत ती टीव्हीची केबल असते, कारण तिच्या जाळीची जमीन दूर कुठेतरी असते. केबल उपसली की शांत! सगळ्या पेट्यांचे प्लग एकाच बोर्डावर आणले तरी पुष्कळ फरक पडतो, वर्तुळ लहान होते. टर्नटेबल सगळ्यांत नाजूक. त्याची चुंबकी सुई देते जेमतेम पाच सहस्रांश व्होल्ट, आणि १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए वळणाप्रमाणे ॲम्प्लिफायर मधल्या स्वरांच्या तुलनेत ५० आवर्तनांना सातपट उचलतो. म्हणून त्याच्यासोबत एक बारीक सुटी तार येते, ती मागच्या स्क्रूला कसून लावायची असते. तिला लोक उगाच लोंबती ठेवतात. टर्नटेबल ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवण्याची हौसही सोडावी, कारण खाली ट्रान्सफॉर्मर असतो.

एक 'उपाय' मात्र कोणी कितीही छातीठोकपणे सांगितला तरी करू नये. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन काढली की वर्तुळ तुटते आणि घूं खरोखरच जाते. पण ती पिन घूंसाठी नाही, आपल्यासाठी आहे. आत इन्सुलेशन फाटून वीज पत्र्याला लागली तर ती जमिनीत जावी, पत्र्याला हात लावणाऱ्या माणसातून नव्हे, एवढ्यासाठी ती बसवलेली असते. स्पर्श केल्यावर झिणझिण्या येतात आणि घूं कमी होते, असे असेल तर घराचे अर्थिंगच तपासावे. आमच्या जांभ्या दगडाच्या जमिनीत पावसात अर्थिंग उत्तम असते आणि एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडला की कुचकामी होते. जुनी माणसे उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत, ते काही खुळ नव्हते.

आता ती 'स्स्स'. बेल प्रयोगशाळेतल्या जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ साली दाखवून दिले की उबदार असलेल्या कोणत्याही रेझिस्टन्समध्ये इलेक्ट्रॉन अस्वस्थ असतात आणि त्यांची ही कुजबुज कधीच पूर्ण थांबत नाही. टेपवर चुंबकी कणांची आणखी एक कुजबुज असते. रे डॉल्बी हा गृहस्थ १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा सल्लागार म्हणून चंडीगडला होता, आणि टेपची ही कुजबुज दाबण्याची कल्पना त्याने भारतात असतानाच जुळवली. १९६५ साली लंडनला जाऊन त्याने कंपनी काढली. पण डेकवरचे 'डॉल्बी'चे बटण दाबले म्हणजे घूंही जाईल अशी जी समजूत असते ती चुकीची. कॅसेटवरचे डॉल्बी-बी फक्त वरच्या स्वरांतल्या कुजबुजीसाठी आहे.

हे सगळे आज सांगायचे कारण असे की घरोघरी माळ्यावर पडलेल्या कॅसेटी आता कुठे कॉम्प्युटरवर उतरवल्या जात आहेत. देवळातला सप्ताह, जत्रेतले दशावतार, एखाद्या बैठकीतले नाट्यपद, आजीच्या ओव्या. यांची दुसरी प्रत जगात कुठेही नसते. लोक घूंसकट उतरवतात आणि म्हणतात, मागाहून सॉफ्टवेअरने काढू. कॅसेटवर मुळातच बसलेल्या घूंला इलाज नाही, पण आपल्या ॲम्प्लिफायरची तिच्यात भर कशाला? काढणे वाटते तितके सोपे नाही. १९९० च्या दशकात आपल्या विजेची आवर्तने ५० वर स्थिर नसत; संध्याकाळी भार वाढला की ४९ च्या खाली उतरत, रात्री ५० च्या वर जात. त्यात कॅसेटची गतीही जराशी डळमळती. त्यामुळे त्या काळच्या घूंवर ठरावीक १०० चा फिल्टर नीट बसत नाही, तो रुंद करावा लागतो, आणि रुंद केला की शेजारी १०४ वर बसलेला तंबोऱ्याचा खर्जही कापला जातो. फाइल स्वच्छ होते, आणि बाई जमीन काढून घेतल्यासारख्या गातात.

म्हणून उतरवण्याआधी एवढे करावे. डेक आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर. लॅपटॉप असेल तर त्याचा चार्जर काढून बॅटरीवर. टीव्हीची केबल सुटी. टेप न लावता दोन मिनिटांची शांतता मुद्रित करावी, हेडफोनवर मोठ्याने ऐकावी, आणि तिच्यात घूं असेल तर ती कुठून येते ते सापडेपर्यंत कॅसेटीला हात लावू नये. कारण जुनी टेप कधीकधी एकदाच नीट वाजते.