एंगेज लागला तर पुन्हा फिरव

मोडेमचा तो किर्रर्र आवाज घरातल्या मंडळींना आठवत असेलच. मला मात्र त्याच्या आधीची गोष्ट जास्त आवडते. फोन लावायचं काम माणसाने कॉम्प्युटरला शिकवलं कसं?

आधी हे काम माणूसच करायचा. नंबर हाताने फिरवायचा, पलीकडून शिट्टी ऐकू आली की रिसीव्हर अकूस्टिक कपलरच्या रबरी खोबणीत बसवायचा. मग १९८१ साली डेनिस हेज यांच्या कंपनीने स्मार्टमोडेम आणला. वेग सेकंदाला ३०० बिट, म्हणजे जेमतेम ३० अक्षरं. पण त्याला साध्या अक्षरांतल्या आज्ञा कळायच्या. ‘एटी’ म्हणजे अटेन्शन, ‘डी’ म्हणजे डायल, ‘टी’ टोन, ‘पी’ पल्स. स्वल्पविराम दिला की दोन सेकंद थांबायचं. ऑफिसातून बाहेरची लाइन घ्यायला शून्य फिरवून आपण थांबायचो ना, तसं. त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरवर बेसिकमध्ये लिहिलेला चार ओळींचा प्रोग्रॅमही फोन लावू शकायचा.

गंमत म्हणजे नंबर फिरवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. अवघड होतं ते वाट बघणं. युनिक्सवरच्या यूयूसीपीने त्यासाठी जोड्यांची पद्धत रूढ केली: काय येईपर्यंत थांबायचं आणि ते आलं की काय पाठवायचं. ‘लॉगिन’ या शब्दाची वाट बघताना जाणकार पहिलं अक्षर मुद्दाम गाळून नुसतं ‘ऑगिन’ लिहीत. ते अक्षर कुठे कॅपिटल असे, कुठे स्मॉल. शिवाय लाइनीच्या खरखरीत गेलं तरी काम अडू नये. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. त्यानंतर काही वर्षांनी मी माझी पहिली स्क्रिप्ट लिहिली, तीही याच जोड्यांची. आमच्या भागात तेव्हा पल्सवर चालणारे फोन होते, म्हणून ‘टी’च्या जागी ‘पी’, एवढाच काय तो फरक.

आता खरी सांगायची गोष्ट. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी फिडोनेट सुरू केलं. लोकांच्या घरातले कॉम्प्युटर रात्रीच्या ठरलेल्या तासाला, दर स्वस्त असताना, आपण होऊन एकमेकांना फोन करत आणि निरोपांची देवाणघेवाण करत. कुणी जागं राहायला नको. सुरुवातीच्या दिवसांत यादीत एक नंबर चुकीचा पडला. ही हकीकत जेनिंग्जनीच लिहून ठेवली आहे. तो नंबर होता एका म्हाताऱ्या बाईंचा. रात्री-अपरात्री फोन वाजायचा, उचलला तर पलीकडे कुणी बोलायचं नाही. मोडेमच्या लेखी उत्तरं मोजकीच: जोडणी झाली, नाही झाली, एंगेज आहे. ‘हॅलो’ हे त्याच्या लेखी उत्तरच नव्हे. म्हणून तो पुन्हा फोन करायचा. शेवटी एका माणसाने लाइनवर कान देऊन ऐकलं तेव्हा उलगडा झाला.

या इतिहासात वेगाचं कौतुक फार होतं: ३००, १२००, २४०० वगैरे. मला मात्र त्या बाई आठवतात. स्क्रिप्टने काहीच चुकवलं नव्हतं, सांगितलं तेच केलं होतं. एंगेज लागला तर पुन्हा फिरव, हे एका ओळीत लिहिता येतं. पलीकडे माणूस आहे, आता थांब, हे लिहिणं कठीण.

आजही मोबाइलमधल्या मोडेमना ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञा कळतात. आणि आमच्या आत्याला दुपारी, नेमका डोळा लागताना, यंत्राचे फोन येतात. ती त्यांना “अहो, माझं ऐका तरी” म्हणते.

असो. त्या काळात तुम्हीही अशा स्क्रिप्ट लिहिल्या असतील तर जरूर कळवा. तुमची स्क्रिप्ट किती वेळा फोन लावून थांबायची, तेही सांगा. माझी पाच वेळा.